कानांची वही

माखन्लेथ. हे नाव जिभेवर बसायला
मला दोन हिवाळे लागले.
घड्याळाच्या मनोऱ्यामागे तिसरं घर. दर मंगळवारी, शुक्रवारी
मी एनिड प्रॉसरच्या वह्या संगणकात उतरवते.
एकतीस वर्षांच्या चौसष्ट वह्या, सगळ्या पेन्सिलीत;
शाई तिकडच्या उन्हात विटायची म्हणे.
एनिड गेली परवाच्या मार्चमध्ये.
घर आता धाकट्या बहिणीचं, डिलिसचं.
वय एक्याऐंशी. तासातासाला चहा आणते
आणि विचारते, "आज काय केलं त्यांनी?"

आज फारसं काही नाही, मी वाचते.
सकाळी सहा चाळीस. कोरड्या नदीपात्रात नऊ जणी.
थोरली थांबली, म्हणून सगळ्या थांबल्या.
डॅफ्नीने सोंड डोराच्या तोंडात घातली:
काय खाल्लंस, हे विचारायची त्यांची रीत.
पिल्लू चिखलात रुतलं, ओरडलं.
तीन मावश्या धावल्या. आई सगळ्यांत शेवटी पोचली.

हत्तिणींना सासर नसतं,
हे वही सातमध्ये वाचलं आणि माझी बोटं थांबली.
मुलगी जन्मते त्याच घोळक्यात म्हातारी होते.
बाहेर पडायचं ते मुलग्यांनी,
बारा-चौदाव्या वर्षी, धसमुसळे झाले की.
आईला फोनवर सांगितलं, साताऱ्याला.
ती म्हणाली, "मग त्यांच्यात पाठवणीला रडतं कोण?"
डिलिसला सांगितलं.
ती बशी पुसत राहिली.
"आमच्यात एनिड गेली आणि मी राहिले.
आईचं केलं, बाबांचं केलं, पाच कुत्र्यांचं केलं.
ती तिकडे दुसऱ्यांच्या आया मोजत होती."

बाहेर पाऊस नव्हता, पण खिडकी ओलीच.

मग एकोणिसावी वही उघडली. कानांची.
हत्ती ओळखायचा तो कानावरून:
कुठे खाच, कुठे भोक, कुठे शिरांचं जाळं.
एका पानावर एक जीव, डावा कान, उजवा कान,
आणि मध्ये नाव.
या कुटुंबाला तिने ड अक्षर दिलं होतं.
डोरा. डॅफ्नी. डंकन. डॉर्कस.
आणि शेवटून तिसऱ्या पानावर
डिलिस.

"चालताना मागे राहते.
पाण्यावर इतरांना ढुशा देते.
रुसली की दिवसभर पाठ फिरवून उभी."
मी मोठ्याने वाचलं. स्वयंपाकघरात किटली खाली ठेवल्याचा आवाज आला.
"पुढे?"
पुढे नऊ ऑगस्ट.
डिलिस दिसेना. थोरली माघारी वळली.
बाकीच्या एकमेकींना चिकटून उभ्या, चरायचं सोडून.
एकेचाळीस मिनिटं.
मग झुडपांतून ती आली, अजिबात घाई न करता.
सगळ्यांनी कान फडफडवले, गुरगुरल्या, गोल फिरल्या,
कानशिलांवरून ओघळ वाहिले,
जशी काही वर्षांनी भेट होते आहे.
(मध्ये एक शब्द मी गाळला.)

"अक्षरच ड होतं," डिलिस म्हणाली.
"तिला दुसरं नाव सुचलं नसेल. कल्पनाशक्ती नव्हतीच तिला."
असेलही. मी काही बोलले नाही.
वही तिच्याकडे वळवली फक्त.
उजवा कान, खालची कड:
गळ अडकून फाटावी तशी चीर,
आणि तिच्याभोवती पेन्सिल दोनदा फिरवलेली.

तिने चष्मा लावला. काढला. पुसून पुन्हा लावला.
मग पांढऱ्या केसांआड बोट गेलं, उजवीकडे,
मला कधी न दिसलेल्या एका जागी.
"मी सहा वर्षांची. डव्ही नदीवर मासे धरायला गेलो होतो.
मागे कोण आहे न बघता तिने दोरी भिरकावली."
खूप वेळाने: "घरापर्यंत मला पाठुंगळी आणलं. दोन मैल.
आईला सांगितलं, कुंपणाची तार लागली."

चहावर साय धरली होती.
"ती एकेचाळीस मिनिटं," ती म्हणाली, "पुन्हा वाच.
आणि मघाशी काहीतरी गाळलंस तू. ते पण."

मुतल्या, मी वाचलं.
आनंदाने सगळ्या एकदम मुतल्या.